कॉम्प्युटरमधून मॉड्युलर सिंथला कंट्रोल व्होल्टेज: पहिल्या केबलपासून सुरेल सप्तकापर्यंत

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटी मॉड्यूल केबलने जोडून बनवलेले वाद्य. त्याला स्वराचे नाव कळत नाही, त्याला कळतो फक्त व्होल्ट. स्वर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरच्या पिच (स्वराची उंची) इनपुटवर १ व्होल्ट वाढवला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. फिल्टरच्या इनपुटवर व्होल्ट वाढवला की आवाज उघडतो, गेटच्या इनपुटवर ५ व्होल्ट आले की एन्व्हलप, म्हणजे आवाजाचा चढउतार ठरवणारे मॉड्यूल, सुटतो. या सगळ्याला मिळून कंट्रोल व्होल्टेज, बोलण्यात नुसते सीव्ही, म्हणतात. दुसरीकडे कॉम्प्युटरला जोडलेला ऑडिओ इंटरफेससुद्धा हेच काम करतो: सॉफ्टवेअरकडून आकडे घ्यायचे आणि जॅकवर तेवढे व्होल्ट काढायचे. मग या दोघांना केबलने जोडले की झाले, असे कोणालाही वाटेल. बहुतांश वेळा ते खरेही आहे. फक्त कोणत्या आकड्याला तुमच्या जॅकवर नेमके किती व्होल्ट निघतात, हे आधी मोजून घ्यावे लागते. नवख्या माणसाच्या बहुतेक अडचणी ही मोजणी न केल्यामुळे येतात, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा तिलाच दिली आहे.

ही कल्पना नवी नाही. बेल लॅब्समध्ये मॅक्स मॅथ्यूज आणि रिचर्ड मूर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'ग्रूव्ह' नावाची यंत्रणा उभी केली. तिच्यात एक मोठा कॉम्प्युटर अ‍ॅनालॉग सिंथला व्होल्टेज पाठवून चालवत असे. १९७७ मध्ये रोलँडचा एमसी-८ आला आणि तेच काम टेबलावर मावणाऱ्या पेटीत होऊ लागले. आज ती पेटी तुमच्या लॅपटॉपमध्ये आधीच आहे.

आधी आकड्यांची ओळख

युरोरॅक ही आज सर्वांत जास्त वापरात असलेली मॉड्युलर पद्धत. डीटर डोप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात तिची सुरुवात केली. मॉड्यूलना प्लस-मायनस १२ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि जोडणी ३.५ मिलिमीटरच्या मोनो केबलने होते. पिचसाठी जवळजवळ सगळीकडे '१ व्होल्टला १ सप्तक' हाच नियम चालतो. एका सप्तकात १२ अर्धस्वर, म्हणून एक अर्धस्वर म्हणजे सुमारे ८३.३ मिलिव्होल्ट. अर्धस्वराचे १०० भाग केले की एक सेंट, म्हणजे ०.८३ मिलिव्होल्ट.

हा शेवटचा आकडा डोक्यात पक्का बसवा. फिल्टरला ५० मिलिव्होल्ट इकडेतिकडे गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पिचला ५ मिलिव्होल्ट चुकले की सहा सेंटांचा फरक पडतो, आणि दुसरा ऑसिलेटर सोबत वाजत असेल तर तो कानाला लगेच टोचतो.

दोन अपवाद माहीत असावेत. कॉर्ग एमएस-२० सारख्या काही जुन्या वाद्यांत पिचचा नियम 'हर्ट्झला व्होल्ट' असा आहे. तिथे प्रत्येक सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होते. बुकला पद्धतीत सप्तकाला १.२ व्होल्ट लागतात. सॉफ्टवेअरमध्ये हिशेब बदलला की तिथेही काम होते, पण सुरुवात १ व्होल्टवाल्यावरच करा.

तुमचा इंटरफेस डीसी सोडतो का?

सगळे घोडे इथे अडते. ऑडिओ इंटरफेस बनवला जातो आवाजासाठी, आणि आवाज म्हणजे सतत वरखाली होणारे व्होल्टेज. एका जागी स्थिर राहिलेले व्होल्टेज, म्हणजे डीसी, आवाजाच्या दृष्टीने निरुपयोगी आणि स्पीकरच्या दृष्टीने घातक. म्हणून बरेच उत्पादक आउटपुटच्या वाटेत एक कपॅसिटर घालतात. तो हलणारे सोडतो आणि स्थिर अडवतो. अशा आउटपुटला एसी-कपल्ड म्हणतात. कपॅसिटर नसेल तर डीसी-कपल्ड.

पिचला स्थिर व्होल्टेजच लागते. तुम्ही स्वर धरून ठेवला की व्होल्टेजनेही तिथेच थांबायला हवे. समजा तुमचे आउटपुट एसी-कपल्ड आहे आणि ते ३ हर्ट्झच्या खालचे सगळे कापते. अशा जॅकवर १ व्होल्ट पाठवला, तर साधारण ५३ मिलिसेकंदांत तो ०.३७ व्होल्टवर घसरतो आणि पाव सेकंदात जवळपास शून्य होतो. ऐकायला स्वर सुटताच घसरगुंडीवरून खाली गेल्यासारखा वाटतो. ऑसिलेटर बिघडला म्हणून लोक पेचकस हातात घेतात, तो बहुधा हाच प्रकार असतो.

मोटू कंपनीचे बरेच इंटरफेस डीसी-कपल्ड आहेत. एक्सपर्ट स्लीपर्सची मॉड्यूल तर याच कामासाठी बनवलेली आहेत: ईएस-८ आणि ईएस-९ यूएसबीने थेट कॉम्प्युटरला जोडली जातात, आणि ईएस-३ अ‍ॅडॅट या डिजिटल ऑडिओ पद्धतीच्या ऑप्टिकल केबलवरून आठ चॅनल घेते. ही मॉड्यूल रॅकमध्येच बसतात आणि सुमारे प्लस-मायनस १० व्होल्टपर्यंत देतात. नवीन घ्यायचेच असेल आणि मॉड्युलर हाच तुमचा मुख्य छंद असेल, तर माझे मत स्पष्टपणे यांच्या बाजूने आहे. घरात आधीच इंटरफेस असेल तर मात्र पैसे खर्च करण्याआधी तो तपासा. त्यासाठी फक्त मल्टीमीटर लागतो.

तपासणीच्या आधी: स्पीकर काढा

हे गांभीर्याने सांगते आहे. ज्या आउटपुटमधून सीव्ही जाणार, त्याला स्पीकर किंवा हेडफोन जोडलेले असता कामा नये. काही अ‍ॅम्प्लिफायर डीसी अडवतात, सगळे नाही. डीसी थेट पोचले तर स्पीकरचा पडदा एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच राहतो, आतली कॉइल तापत जाते आणि तुम्हाला आवाज काहीच येत नाही, म्हणून कळतही नाही. नुसता आवाज कमी करून ठेवणे पुरेसे नाही, केबलच उपटा. इंटरफेसला चार किंवा जास्त आउटपुट असतील तर १ आणि २ ऐकण्यासाठी ठेवा, सीव्हीसाठी ३ पासून पुढची वापरा. कॉम्प्युटरच्या सूचनांचे टिंगटाँग आवाजही १ आणि २ वरच जातात, त्यामुळे ते सीव्हीत मिसळत नाहीत.

केबल

मॉड्यूलच्या बाजूला ३.५ मिलिमीटरची मोनो पिन लागते. इंटरफेसच्या बाजूला बहुधा ६.३५ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक असतो आणि तिथे थोडे लक्ष द्यावे लागते.

बॅलन्स्ड जॅकमध्ये तीन संपर्क असतात: टोक, मधली रिंग आणि स्लीव्ह. काही इंटरफेस टोकावर सिग्नल देतात आणि रिंगवर त्याचाच उलटा सिग्नल. त्यात साधी मोनो पिन घातली की रिंग थेट जमिनीला, म्हणजे स्लीव्हला, टेकते आणि उलटा सिग्नल देणारे सर्किट शॉर्ट होते. काही इंटरफेस हे गृहीत धरूनच बनवलेले असतात. बाकीच्यांमध्ये ते सर्किट तापते किंवा सिग्नल वेडावाकडा होतो. खात्रीचा उपाय म्हणजे इंटरफेसच्या बाजूला तीन संपर्कांची स्टीरिओ पिन असलेली केबल, जिच्यात टोक टोकाला, स्लीव्ह स्लीव्हला जोडलेली आहे आणि रिंग मोकळी सोडली आहे. डाग (सोल्डर) द्यायचा सराव असेल तर अशी केबल दहा मिनिटांत होते. रिंगवरची तार जोडायचीच नाही, एवढेच.

एक गोष्ट अपेक्षित धरा. माहितीपत्रकात दिलेले कमाल आउटपुट टोक आणि रिंग यांच्यामधले असते. तुम्ही फक्त टोक घेता, म्हणून रिंगवर उलटा सिग्नल असलेल्या इंटरफेसमध्ये तुमच्या वाट्याला त्याच्या निम्मे व्होल्टेज येते. उदाहरणार्थ, कमाल पातळी प्लस २० डीबीयू (ऑडिओ पातळीचे एकक) असेल तर दोन संपर्कांमध्ये शिखर सुमारे ११ व्होल्ट, आणि एकट्या टोकावर ५.५ व्होल्टच्या आसपास.

मोजणी

सॉफ्टवेअर म्हणून मी इथे व्हीसीव्ही रॅक, म्हणजे पडद्यावरचा मॉड्युलर सिंथ, धरते आहे. ते मोफत मिळते, सगळ्या मुख्य ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते, आणि त्याच्या आतही सगळे व्होल्टमध्येच चालते, त्यामुळे डोक्यात दोन भाषा ठेवाव्या लागत नाहीत. आतल्या १० व्होल्टला ते इंटरफेसची पूर्ण पातळी मानते. म्हणजे आत ५ व्होल्ट पाठवले की इंटरफेस आपल्या कमाल पातळीच्या निम्मे देतो.

रिकाम्या पॅचमध्ये (जोडणीच्या पानावर) आठ चॅनलचे ऑडिओ मॉड्यूल घ्या आणि त्यात तुमचा इंटरफेस निवडा. विंडोजवर असाल तर असिओ ड्रायव्हर निवडा, म्हणजे सिस्टिमचा आवाज कमी-जास्त करणारा पट्टा वाटेत येत नाही. मॉड्यूलवर उजवे क्लिक करून डीसी ब्लॉकर बंद असल्याची खात्री करा. तो सुरू राहिला तर इंटरफेस कितीही चांगला असला तरी सॉफ्टवेअरच तुमचे व्होल्टेज खाऊन टाकेल.

आता '८व्हर्ट' नावाचे मॉड्यूल आणा. त्याच्या इनपुटला काही जोडले नाही तर ते आतून १० व्होल्ट धरते आणि नॉब त्याचे प्रमाण ठरवतो. नॉबवर उजवे क्लिक केले की आकडा टाइप करता येतो. पहिल्या ओळीचे आउटपुट ऑडिओ मॉड्यूलच्या ३ नंबरला जोडा. इंटरफेसच्या ३ नंबरच्या जॅकमध्ये केबल लावा, तिचे दुसरे टोक मोकळे ठेवा. मल्टीमीटर डीसीच्या २ व्होल्टच्या रेंजवर. लाल प्रोब पिनच्या टोकाला, काळा स्लीव्हला. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका.

आधी नॉब ० टक्के. मीटर काय दाखवतो ते लिहा. मग ३० टक्के करा, म्हणजे आत ३ व्होल्ट. आकडा वर जाऊन तिथेच थांबला, तर तुमचे आउटपुट डीसी-कपल्ड आहे. वर उडी मारून परत शून्याकडे आला, तर एसी-कपल्ड. आकडा वजा आला तर तुमचे आउटपुट उलटे आहे किंवा प्रोब उलटे लागले आहेत, आधी प्रोब बघा.

समजा ० टक्क्यांना ०.००४ व्होल्ट दिसले आणि ३० टक्क्यांना १.५७०. फरक १.५६६. आत ३ दिले तेव्हा बाहेर १.५६६ निघाले, म्हणून बाहेर १ व्होल्ट हवा असेल तर आत ३ भागिले १.५६६, म्हणजे १.९१६ द्यावे लागतील. हा तुमचा गुणक. तो कागदावर लिहा, कागद इंटरफेसला चिकटवा. मी प्रत्येक चॅनलसाठी वेगळा लिहून ठेवते, कारण दोन चॅनल अगदी सारखे क्वचितच असतात. सुरुवातीला दिसलेले ४ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ५ सेंट. ते सगळ्या स्वरांना सारखेच लागतात, त्यामुळे ऑसिलेटरच्या ट्यूनिंग नॉबने निघून जातात. गुणकातली चूक मात्र दर सप्तकाला वाढत जाते, ती नॉबने निघत नाही.

२ व्होल्टची रेंज मुद्दाम सांगितली. साधे मल्टीमीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टच्या पायरीने दाखवतात, म्हणजे १२ सेंट. २ व्होल्टच्या रेंजवर तीच पायरी १ मिलिव्होल्टची होते. म्हणून मोजायचे व्होल्टेज २ च्या खाली ठेवा.

मोजणी झाल्यावर इंटरफेसवरच्या आवाजाच्या नॉबला हात लावू नका. तो त्या आउटपुटवर परिणाम करत असेल तर पूर्ण उघडा ठेवून मोजा, कारण तीच एक जागा परत हमखास सापडते.

पहिला स्वर

आता केबलचे मोकळे टोक ऑसिलेटरच्या १ व्होल्ट प्रति सप्तक इनपुटमध्ये लावा. त्याआधी मॉड्युलर सुरू करून अर्धा तास तसेच तापू द्या. अ‍ॅनालॉग ऑसिलेटर थंड असताना सरकत राहतो आणि तुम्ही सरकत्या गोष्टीला माप लावत बसता.

व्हीसीव्ही रॅकमध्ये 'मिडी टु सीव्ही' मॉड्यूल घ्या (मिडी म्हणजे वाद्ये आणि कॉम्प्युटर यांच्यातली स्वरांची डिजिटल भाषा) आणि कीबोर्ड त्याला जोडा. कीबोर्ड नसेल तर कॉम्प्युटरचाच कीबोर्ड चालतो. त्याचे पिच आउटपुट एखाद्या स्केल-ऑफसेट (व्होल्टला गुणणाऱ्या आणि त्यात भर घालणाऱ्या) मॉड्यूलमधून न्या, ज्याचा गुणक १ च्या वर जातो. तिथे १.९१६ टाइप करा आणि पुढे ऑडिओ मॉड्यूलच्या ३ नंबरला जोडा.

एखादा खालचा सा वाजवा आणि ऑसिलेटरच्या नॉबने ट्यूनरवर ११० हर्ट्झ आणा. मग तीन सप्तके वरचा सा वाजवा. तो ८८० हर्ट्झ यायला हवा. समजा तो २४ सेंट चढा आला. तीन सप्तके म्हणजे ३६०० सेंट, आणि तुम्हाला मिळाले ३६२४. गुणकाला ३६०० ने गुणून ३६२४ ने भागा: १.९१६ चे १.९०३ होतात. पुन्हा खालचा सा लावा, पुन्हा वरचा तपासा. दोन-तीन फेऱ्यांत बसतो.

इथे एक विवेक हवा. मीटरवर व्होल्टेज चोख आहे आणि तरी ऑसिलेटर चुकतो आहे, तर दोष ऑसिलेटरच्या ट्रॅकिंगचा, म्हणजे व्होल्टच्या हिशेबाने नेमकी सप्तके देण्याचा, आहे. गुणक बदलून तो झाकता येतो, पण मग दुसरा ऑसिलेटर त्याच चॅनलवर लावला की तो बेसूर होईल. म्हणून मीटरचा गुणक मूळ समजा आणि ऑसिलेटरनुसार बदललेला वेगळा नोंदवा.

एबलटन लाइव्हचे 'सीव्ही टूल्स' आणि बिटविगमधली हार्डवेअर सीव्हीची साधने ही मोजणी आपोआप करतात. ऑसिलेटरचा आवाज परत इंटरफेसमध्ये घेऊन, स्वर पाठवत आणि ऐकत ती स्वतःच तक्ता बनवतात. सोय मोठी आहे. तरी एकदा हाताने मोजा, म्हणजे काही बिनसले तर कुठे बघायचे ते कळेल.

वरची सप्तके उतरतात तेव्हा

ही गोष्ट मला एका पूर्ण संध्याकाळीने शिकवली. एक ऑसिलेटर लावून तीन सप्तके सुरेल झाली होती. मग आवाज भरदार व्हावा म्हणून त्याच केबलचा साध्या, बिनविजेच्या मल्टिपलमधून (एका सिग्नलचे अनेक फाटे करणाऱ्या मॉड्यूलमधून) फाटा काढून दुसरा ऑसिलेटर लावला. खाली दोन्ही सुरेल. वर जाताना दोन्ही, एकत्रच, उतरू लागले. तीन सप्तके वर गेल्यावर सुमारे ३५ सेंट कमी. मी गुणक बदलला, सॉफ्टवेअर बदलले, दोन्ही ऑसिलेटरचे ट्रिमर (बारीक जुळवणीचे स्क्रू) फिरवले, आणि ट्रिमर फिरवल्यामुळे मूळची बैठकही गेली. रात्री उशिरा सहज दुसऱ्या ऑसिलेटरची केबल उपटली आणि पहिल्याचा ट्यूनरवरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत वर सरकला.

कारण साधे आहे. प्रत्येक आउटपुटला स्वतःचा थोडा अवरोध असतो, माझ्या चॅनलचा १ किलोओहम होता. ऑसिलेटरच्या इनपुटचा साधारण १०० किलोओहम असतो. दोन्ही मिळून व्होल्टेजची वाटणी करतात आणि एका ऑसिलेटरला १ टक्का कमी पोचतो. हा १ टक्का मी कानाने ट्यून करताना गुणकात आधीच भरून काढला होता. दुसरा ऑसिलेटर जोडल्यावर इनपुटचा एकत्रित अवरोध ५० किलोओहम झाला आणि आणखी जवळजवळ १ टक्का गेला. एक टक्का म्हणजे सप्तकाला १२ सेंट. मल्टीमीटर हे दाखवत नाही, कारण त्याचा अवरोध बहुधा १० मेगाओहम असतो आणि तो जवळपास काहीच ओढत नाही.

म्हणून पिचचा फाटा काढायचा तर बफर्ड, म्हणजे प्रत्येक फाट्याला स्वतःचे सर्किट असलेले, मल्टिपल वापरा, किंवा इंटरफेसचे दोन वेगळे चॅनल द्या. फिल्टर आणि गेटसाठी साधे मल्टिपल बिनधास्त चालते.

गेट आणि क्लॉक

गेट म्हणजे की दाबलेली असेपर्यंत ५ व्होल्ट आणि सोडली की शून्य. 'मिडी टु सीव्ही' मॉड्यूलचे गेट आउटपुट ४ नंबरच्या चॅनलवर न्या. ते आत १० व्होल्ट देते, वरच्या उदाहरणातल्या इंटरफेसवर बाहेर ५.२ निघतील. बहुतेक एन्व्हलप मॉड्यूलना तेवढे भरपूर होते. तुमचा इंटरफेस जेमतेम २ व्होल्ट देत असेल तर काही मॉड्यूल सुटतील, काही ढिम्म राहतील. तेव्हा मॉड्युलरच्या रॅकमध्ये एक छोटे अ‍ॅम्प्लिफायर मॉड्यूल मधे घालावे लागते.

प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला आधीच्या स्वराचा बारीक डाग ऐकू येत असेल, तर गेट पिचच्या किंचित आधी पोचतो आहे. सॉफ्टवेअरमध्ये गेटला १-२ मिलिसेकंद उशीर द्या, डाग जातो.

क्लॉक, म्हणजे ताल चालवणारे ठोके, त्याहून सोपे. प्रत्येक ठोक्याला ५ मिलिसेकंदांचा पल्स पाठवा, ४८ किलोहर्ट्झवर तो २४० सॅम्पलचा होतो. आणि इथे एसी-कपल्ड इंटरफेसवाल्यांसाठी चांगली बातमी: एवढा छोटा पल्स कपॅसिटरमधून नीट जातो. पिच जमत नसेल तरी क्लॉक आणि ट्रिगर त्याच जॅकमधून चालवता येतात. एक्सपर्ट स्लीपर्सच्या 'सायलेंट वे' सॉफ्टवेअरमध्ये स्थिर व्होल्टेज आवाजावर स्वार करून पाठवण्याचीही सोय आहे. दुसऱ्या टोकाला ते सिग्नल सरळ करणारे सर्किट लागते. गेटसाठी हे ठीक, पिचसाठी मी त्या वाटेने जात नाही.

मिडीने का नको?

कॉर्ग एसक्यू-१ किंवा आर्टुरिया कीस्टेपसारखी यंत्रे यूएसबीने मिडी घेतात आणि सीव्ही-गेट देतात. एकच आवाज चालवायचा असेल, साधी चाल वाजवायची असेल, तर ती उत्तम आणि कमी कटकटीची आहेत. नोट ठरलेली असल्यामुळे यंत्र तिचे व्होल्टेज नेमके काढते.

मर्यादा जाणवते ती सतत हलणाऱ्या गोष्टींत. मिडीच्या साध्या कंट्रोलरला १२८ पायऱ्या असतात. १० व्होल्टच्या रेंजवर एक पायरी ७९ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळपास एक अर्धस्वर. फिल्टर हळूहळू उघडताना या पायऱ्या ऐकू येतात. ऑडिओ इंटरफेसमधून तेच व्होल्टेज सेकंदाला ४८,००० वेळा बदलू शकते आणि २४ बिटांच्या हिशेबात पायरी मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागते. मींड खरोखर मींड होते. शिवाय जुन्या मिडी केबलवर एक नोट जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो आणि नोटा एकामागून एक रांगेत जातात. इंटरफेसचे सगळे चॅनल एकाच क्षणी हलतात.

उशीर मात्र दोन्हीकडे असतो. बफर, म्हणजे सॉफ्टवेअर एका वेळी पाठवते तो तुकडा, २५६ सॅम्पलचा असेल तर ४८ किलोहर्ट्झवर ५.३ मिलिसेकंद. सीव्ही आणि कॉम्प्युटरमधला आवाज एकाच बफरमधून जातात, म्हणून त्यांचा आपापसात मेळ पक्का असतो. मॉड्युलरचा आवाज परत रेकॉर्ड करताना येण्याजाण्याचा उशीर धरून तो ट्रॅक मागे सरकवा. परतीची केबल लाइन इनपुटमध्येच लावा. माइकच्या इनपुटवर ४८ व्होल्टचा फँटम सुरू असेल तर ते व्होल्ट मॉड्यूलच्या आउटपुटवर उलटे जातात.

गणित बरोबर असूनही व्होल्टेज चुकते तेव्हा

नेहमीच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून सीव्ही पाठवत असाल तर सर्वांत आधी पॅनकडे (आवाज डावीकडे-उजवीकडे वाटणाऱ्या नॉबकडे) बघा. मोनो ट्रॅक स्टीरिओ आउटपुटवर मध्यभागी ठेवला की बरीच सॉफ्टवेअर तो ३ डेसिबलने कमी करतात. १ व्होल्टचा ०.७१ होतो आणि सगळी सप्तके आखडतात. ट्रॅक थेट मोनो आउटपुटवर पाठवा. मग मास्टरवर लिमिटर राहिला आहे का, फेडर शून्य डेसिबलवर आहे का, हे बघा. सीव्हीच्या ट्रॅकवर इक्वलायझर नको, फेड नको.

लॅपटॉपचा चार्जर लावला की गुणगुण येत असेल, तर इंटरफेस आणि मॉड्युलर यांची जमीन दोन वाटांनी जोडली गेली आहे. दोन्ही एकाच पॉवर स्ट्रिपवर घ्या. तरी राहिली तर चार्जर काढून बघा, यूएसबी आयसोलेटर लावून बघा. अ‍ॅडॅटची ऑप्टिकल केबल वापरणाऱ्यांना या वाटेने गुणगुण येत नाही, कारण त्या केबलमधून वीज जातच नाही, उजेड जातो.

एवढे झाल्यावर करून बघायची एक गोष्ट

दोन ऑसिलेटर, दोन वेगळे चॅनल, दोन्हींना करवतीसारखी सॉटूथ लहर. दोघांना शून्य व्होल्ट देऊन २२० हर्ट्झच्या सा वर मिळवा. पहिला तिथेच राहू द्या. दुसऱ्याला सॉफ्टवेअरमधून ०.३३३ व्होल्ट द्या, गुणकाने गुणून. हा पियानोच्या पट्टीतला शुद्ध गंधार. नीट ऐका, वरच्या बाजूला सेकंदाला नऊएक वेळा आवाज थरथरताना ऐकू येईल.

आता आकडा थोडा थोडा खाली आणा: ०.३३०, ०.३२७, ०.३२४. थरथर मंदावत जाते. ०.३२२ पाशी, जिथे दोन स्वरांचे प्रमाण ५ ला ४ होते, ती लांब होत होत थांबते आणि दोन ऑसिलेटरांचा एकच आवाज उरतो.